रेग्युलेटर

मिहानच्या तिसऱ्या माळ्यावर
भिंतीला एक पांढरा डबा बसवला मी,
हिरव्या आकड्यांचा.
वर बाण, खाली बाण.
मागे वायर नाही, नुसते दोन पेन्सिल सेल.

त्याआधी रोज फोन यायचा.
नेवारे मॅडमना सव्वीस पाहिजे, स्कार्फ गुंडाळून बसायच्या.
लांजेवारला एकवीस, आणि तरी घाम.
प्लांट तळघरात, त्याची चावी पुण्याच्या कंपनीकडे,
चोवीसचा आकडा करारात लिहिलेला.
साहेब म्हणाले, पराते, काहीतरी लावून दे भिंतीला.
लावलं.
तक्रारी बंद.
नेवारे मॅडम बाण दाबून जागेवर जायच्या
आणि पाच मिनिटांत स्कार्फ काढायच्या.
पाहिलंय मी. खरंच काढायच्या.

बबलूला हे सांगून हसत होतो
बर्डीच्या सिग्नलला, समोर एकशे बारा सेकंद,
क्लच सोडत, दाबत, वीतभर पुढे सरकत,
जसा काही तेवढ्यानं
लाल दिवा लवकर दमणार होता.

मग नवतपा लागला
आणि बाबा धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आले.
उजवी बाजू गेलेली.
अजनीच्या केबिनमध्ये एकतीस वर्षं लिव्हर ओढलेला हात
आता उशीवर ठेवावा लागतो.
ठेवला तिथं राहतो.
औषध कधी, मी ठरवायचो.
कूस कधी, वर्षा ठरवायची.
चादर, खिडकी, टीव्हीचा आवाज, वरणातलं मीठ,
सगळं त्यांच्या भल्याचंच.
ते छताकडे बघत आणि म्हणत, हाव.
पेज देऊ? हाव.
लाइट बंद करू? हाव.
या माणसानं आयुष्यात
पहिल्या झटक्यात कशाला हाव म्हटलं नव्हतं.
आईला मागणी घालायला गेले तेव्हासुद्धा
उद्या सांगतो म्हणाले होते.

मला जे येतं ते मी केलं.
पाच खाचांचा जुना रेग्युलेटर फळीवर ठोकला,
त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.
म्हटलं, घ्या, कूलर आता तुमच्या ताब्यात.
वायर पलंगाखाली सोडली होती,
टोक मोकळं.

त्यांनी फिरवला. दोनवर. चारवर.
कान दिला.
खिडकीतला कूलर तसाच घरघरत होता, ताट्यांतून पाणी टपकत.
पुन्हा दोनवर. पुन्हा कान.
मग अर्ध्या तोंडानं, एकेक शब्द गोळा करत:
“तिकडून लाइन क्लिअर आली नाई, बाप्पा.”

मी काहीच बोललो नाही.

“लिव्हर माह्या हातात होता,” म्हणाले, “कुलूप नव्हतं.
पुढच्या स्टेशनानं सोडल्याबिगर हालतच नव्हता तो.
पण हालला का मंग,
तिकडे, तारेच्या टोकाले,
सिग्नलचा हात पडे.
दिसे मले पडतानी.”

दोन महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात लांब बोलणं ते.
नंतर तोंड पुसावं लागलं.

रात्री बारानंतर वायर जोडली,
टेस्टर दातात धरून,
माझ्याच घरात चोरासारखा.

आता भर दुपारी, शेहेचाळीसच्या उन्हात,
ते कूलर एकवर ठेवतात.
वर्षा पदरानं वारा घेते. माझी बनियन पाठीला चिकटते.
बाबा, वाढवा ना थोडा.
ते माझ्याकडे बघतात, चांगला वेळ घेऊन,
डाव्या हाताचा अंगठा खाचेवर.

“नाई,” म्हणतात.

वर्षा स्वयंपाकघरात गेली, आणि मला वाटतं
तिथं ती हसली.

सोमवारी मिहानच्या डब्याचे सेल संपले.
बदलायला गेलो.
नेवारे मॅडम म्हणाल्या, बरं झालं आलात,
दोन दिवस नुसती गारठले मी.
दोनदा बाण दाबला, जाऊन बसल्या.

मी शिडीवर थोडा वेळ तसाच उभा राहिलो,
फॉल्स सीलिंगची एक पाटी उचलून आत टॉर्च मारला.
डक्ट, धूळ, कुणाचा तरी विसरलेला पाना.
तळघरापर्यंत नव्वद मीटर वायर लागेल.
पुढचं कुलूप पुण्यात.
मोजून ठेवलंय.