एक पाय जमिनीवर

पळायचं नाही, हा नियम.
कितीही घाई असली तरी
एक पाय जमिनीला टेकलेला हवा,
आणि पुढचा गुडघा ताठ,
अंग त्याच्यावरून पार होईपर्यंत.
खैरनार सर थोडक्यात सांगतात:
जमीन सोडलीस की तू गेलीस.

पहाटे सव्वापाच, गंगापूर रोड.
मी, सरांच्या स्कूटरचा पिवळा उजेड,
आणि गिरणाऱ्याहून टोमॅटोचे क्रेट भरून येणारा एक छोटा हत्ती.
थंडी अशी की स्टॉपवॉचचं बटण
सरांच्या अंगठ्याचं ऐकत नाही.
कमरेतून चालावं लागतं, म्हणून
दूध टाकणारा पोरगा रोज माझ्यामागे
तशीच चाल करून दाखवतो.
पहिल्या वर्षी मी रडले होते.
आता ओरडून सांगते,
गुडघा वाकतोय तुझा.

आठ वाजून पाच मिनिटांनी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल.
केस ओलेच.
ब्युरेटमधून थेंब, थेंब,
मग तो अर्धा थेंब,
ज्यानं अख्खा फ्लास्क गुलाबी होतो.
गुलाबी फिकट हवा.
गडद झाला म्हणजे पुढे गेलीस,
बोरस्ते मॅडम म्हणतात, परत कर.
माझा तीनदा गडद झाला.
हात नव्हता हो थरथरत, मॅडम,
मांडी थरथरत होती,
सकाळच्या चौदा किलोमीटरची.

रेवतीच्या वाढदिवसाला सगळे
मखमलाबादच्या मळ्यात मिसळ खायला गेले.
मी नव्हते. मागच्या वर्षीही नव्हते.
फोटोत तिच्या शेजारी एक खुर्ची रिकामी,
तिच्यावर कुणाचं तरी हेल्मेट.
रात्री तो फोटो मोठा करकरून पाहिला.
वाटलं, जागा धरून ठेवलीय माझी.
विचारलं तर म्हणाली,
अगं नाही, तन्वीरला हेल्मेट ठेवायला
दुसरीकडे जागाच नव्हती.

बाबा कळवणहून फोनवर विचारतात,
सगळं जमतंय ना?
जमतंय, म्हणते मी.
शब्द तसा सोयीचा.
काय निसटलं
ते त्यात सांगावं लागत नाही.

फेब्रुवारीत पंचवटीच्या स्टेडियमवर
दहा किलोमीटर, पंचवीस फेऱ्या.
सतराव्या फेरीला बोर्डावर
माझ्या नंबरासमोर पहिलं लाल.
एकविसाव्याला दुसरं.
तिसरं म्हणजे बाहेर.
पुढची मुलगी तीस पावलांवर,
सर तारेच्या कुंपणाबाहेरून
टाच, टाच, टाच,
आणि माझ्या डोक्यात का कोण जाणे
तो गडद गुलाबी फ्लास्क.

तेवढ्यात स्टँडमधून रेवतीचा आवाज.
ती येणार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
तन्वीर, सायली, ते हेल्मेटसुद्धा,
सगळे उभे राहून
जिवाच्या आकांतानं ओरडत होते:
"पळ! अगं पळ ना! पळत का नाहीस?"

तीन वर्षं एका बाकावर बसून
एवढंही माहीत नाही ह्यांना.
मला हसू आलं.
इतकं हसू आलं की खांदे खाली आले,
श्वास पोटात गेला,
आणि टाच आपसूक जिथं पडायची तिथं पडली.
पंचानं बराच वेळ माझ्या पायांकडे पाहिलं
आणि नजर दुसऱ्या कुणाकडे वळवली.

चौथी आले.
"चौथी म्हणजे मेडल नाही का?" सायलीनं विचारलं.
नाही, म्हटलं, आणि भूक लागलीय.

गेटकडे निघालो सगळे.
चार प्रयोग लिहायचे बाकी, सोमवारी जर्नल,
हे मी बोलतच होते,
तर बाजूला कुणी नाही.
वळून पाहिलं, वीस पावलं मागे होते.
रेवती धापा टाकत आली,
माझ्या बॅगेचा बंद मुठीत धरला
आणि रिक्षा मिळेपर्यंत सोडला नाही.