चौथ्या दिवसाची माणसं

पहिल्या दिवशी ती इकडे येत नाहीत.
दुसऱ्याही नाही.
तिसऱ्या दिवशी टाचांना फोड येतात,
आणि रात्री हॉटेलच्या पलंगावर, मुलं झोपल्यावर,
नवरा-बायको हळू आवाजात हिशेब करतात.
चौथ्या दिवशी ती माझ्या खिडकीशी उभी :
मोठ्यांना नऊ डॉलर, लहानांना फुकट,
मनगटावर अजून कालचेच चमकते पट्टे.

मी यादिरा. आठ वर्षं तिकिटं फाडते.
माझ्यामागे एक झरा आहे, एवढंच.
झरा, उकडलेल्या शेंगदाण्यांची एक गाडी,
आणि काचेच्या तळाची एक होडी.
हमरस्त्यावरच्या पाटीवरची 'काच' उन्हानं उडाली,
नुसती 'होडी' उरलीय.

काल ओहायोहून आलेला एक बाप
घड्याळावर बोट आपटत विचारत होता,
"शो किती वाजता सुरू होतो?"
लेम्युएल दोर सोडता सोडता म्हणाला,
"माझ्या बापाच्या आधीपासून चालूच आहे. बसा."

शेवटच्या फेरीला मी खिडकी लावते
आणि गल्ल्याची पेटी मांडीवर घेऊन होडीत बसते.
काचेखाली गवत, एकाच बाजूला विंचरलेलं.
लांब नाकाचा गार मासा,
शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.
आणि वाळूत रुतलेली एक कवळी;
दर फेरीला लेम्युएल ती दाखवतो,
दर फेरीला ती वेगळ्याच माणसाची असते.

मग काचेखाली अंधारलं.

ती आली होती. मॅनटी.
डिसेंबरात नदी गार पडते
आणि झरा आपली ऊब सोडत नाही, म्हणून येतात.
आली, आणि नेमकी आमच्या खालीच पसरली,
एखादी मावशी जेवणानंतर लवंडते तशी.
लेम्युएलनं इंजिन बंद केलं.
"आता ती उठेपर्यंत," तो म्हणाला, "आपण इथेच."

बाप म्हणाला, "म्हणजे किती वेळ?"
लेम्युएलनं टोपी डोळ्यांवर ओढली.

तीन दिवस हे लोक रांगेतच उभे होते.
रांगेत रांग, रांगेची रांग,
पुढे फलक : इथून पंचाहत्तर मिनिटं.
इथे फलक नव्हता.
आई आधी फोनकडे बघत होती, मग पाण्याकडे.
बापानं कधीतरी बूट काढले;
उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं
आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही.

धाकटी, डेलनी, काचेवर पालथी पडलेली.
मॅनटीच्या पाठीवर पंख्याच्या पात्यांचे पांढरे वण.
तिनं मोजले. अकरा.
पुन्हा मोजले. बारा.
मग मान वर न करता विचारलं,
"हिच्या आत कोण आहे?"

कुणी हसलं नाही. खरं तर मीच हसणार होते,
पण मला एफ्राईनची पाठ आठवली.

माझा नवरा तिकडे अस्वल आहे.
मोठ्या फाटकाच्या आत, दुपारच्या पाळीला.
बोलायचं नाही, हा नियम.
डोकं उतरवायचं नाही, मुलं बघत असताना तर नाहीच.
त्याला मिठी मारून माणसं फोटो काढतात
आणि तो आत, त्या लोकरीत, वीस-वीस मिनिटं शिजतो.
घरी येतो तेव्हा पाठभर घामोळं.

रात्री पायऱ्यांवर बसून मी त्याला पावडर लावत होते.
नऊ वाजता आतषबाजी सुरू झाली, लांब, झाडांवरून;
आमच्या मुलांनी वर बघितलंसुद्धा नाही,
त्यांच्यासाठी ती फक्त नऊ वाजल्याची खूण.
मी त्याला सगळं सांगितलं,
कवळी, मोजा, अकरा की बारा,
आणि पोरगीचा तो प्रश्न.

तो इतका हसला की पावडर माझ्या तोंडावर उडाली.
मग गप्प झाला.
आकाशात काहीतरी हिरवं फुटून विझलं.
"मग?" त्यानं विचारलं. "काय सांगितलं तिला?"

"लेम्युएल म्हणाला, कुणी नाही गं.
ती तीच आहे."

एफ्राईननं खांदे पुढे घेतले,
म्हणजे अजून थोडी लाव.