निळी दोरी

सावईवेऱ्याच्या कुळागरात
पोफळीला मिरवेल बांधली होती बाबलने,
नायलॉनच्या निळ्या दोरीने.
"जन्मात तुटायची नाही," म्हणाला होता.

तुटली नाही.
वेल जाडावली, दोरी तेवढीच राहिली.
वर पानं पिवळी,
खाली सालीत रुतलेली गाठ.

बाबल जाऊन तीन वर्षं झाली.
गाठ त्याच्या हातची,
कोयती लावून मी उगाच थांबलो.

मग केळीचं सोपट भिजवून
नवा फाटा बांधला.
चवथीपर्यंत कुजेल ते.
तोवर वेल आपल्या मुळांनी
पोफळ धरेल.
तेवढीच तर गरज असते.

निळे तुकडे खिशातून घरी आणले.
"चुलीत नको हं," शालन म्हणाली.
तेव्हापासून खिडकीत आहेत,
धुऊन वाळत घातलेल्या
दुधाच्या पिशव्यांशेजारी.