हजेरी

मार्शल लॉ उठून चार वर्षं झाली होती,
तरी पाच माणसं एका ओळीत उभी राहिली
की गावाला घाम फुटायचा.
आम्ही अकरा जणी उभ्या राहिलो,
शाळेच्या मागे, कडुनिंबाखाली.
त्यात पोरी.

मथूताईंकडे पुण्याहून मागवलेलं एक पुस्तक होतं
आणि एक शिट्टी.
पुस्तक त्यांच्याकडे राहिलं, शिट्टी माझ्या गळ्यात आली,
कारण माझा आवाज मोठा, असं त्या म्हणाल्या.
घरी याच आवाजापायी मी बोलणी खायची.

आमच्या गावात वाजायचा तो भोंगा.
पहिल्या भोंग्याला आई चूल पेटवायची,
दुसऱ्याला बाबा चपला शोधायचे,
तिसऱ्याला मिलचं फाटक बंद.
पोरीच्या तोंडून काही वाजतं
हे आमच्या बोळानं ऐकलं नव्हतं.
मी वाजवली.
समोरून कुणीतरी म्हणालं, "आगं बाई!"
खिडकी लागली.
मग पुन्हा उघडली, बोटभर.

रुमाल मिलच्या फेंटचे,
जुलेखाच्या मामूंनी निळीत बुडवून दिलेले.
पहिल्याच कवायतीत घामानं रंग सुटला.
आठवडाभर अकरा माना निळ्या,
नळावर, बाजारात, न सांगता कळायचं
कोण कोण त्यातली.

ओळीनं मोजा, म्हटलं तेव्हा
द्वारका म्हणाली एक,
राजम्मा म्हणाली रेंडु,
इरव्वा म्हणाली मूरु,
जुलेखा म्हणाली चार.
तिचं चार आणि आमचं चार एकच निघालं,
त्यावर आम्ही उगाचच खूप हसलो.
मथूताईंनी पुस्तकात पाहिलं.
याबद्दल त्यात काही नव्हतं.
"चालू द्या," म्हणाल्या.

पुस्तकातली गाठ त्यांना तीनदा जमली नाही.
राजम्मानं हातातून दोरी घेतली.
साखर पेठेत तिच्या बापाचा खड्डामाग,
तुटला धागा सांधायचं काम
सहाव्या वर्षापासून तिचं.
बोटं हलली, दिसली नाहीत.
"फणीतून गेली पाहिजे," ती म्हणाली,
"अडकते ती गाठ नाही. ते पुढचं तुटणं."
मथूताई तिच्यापुढे मांडी घालून बसल्या,
भर उन्हात, पदर खोचून,
आणि शिकल्या.

गड्डा उठल्यावरच्या रविवारी निघालो
कंबर तलावाकडे, पायी,
फडक्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी.
घरी कुणी दळण सांगितलेलं, कुणी मावशी.
इरव्वानं तर मेलेल्या काकूला
पुन्हा आजारी पाडलं होतं.

वाटेत हवालदार आडवा आला.
सायकल, वही, कानामागे पेन्सिल.
"कसली पलटण ही? कुणाची?"

कुणाची, ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.
मथूताईंचे ओठ हलले, आवाज नाही आला.
द्वारका म्हणाली, "आमचीच."

"नावं सांगा."
सांगितली.
बापाचं नाव त्यानं विचारलं नाही,
विसरला असेल, ऊन फार होतं.
मी म्हटलं, तुळजा.
त्यानं लिहिलं, तुळसा.
"सा नव्हे," मी म्हटलं, "जा."
त्यानं मान वर केली.
"जा!" मी पुन्हा म्हटलं,
बोलणी खाणाऱ्या त्याच आवाजात.
काय समजला कोण जाणे.
सायकलवर बसला, गेला.

आमच्याकडे हजेरीपट कधी नव्हता.
त्या दिवसांत कागदाला सगळेच भ्यायचे.
म्हणजे अकराही नावं एकाखाली एक
लिहिली गेली ती तेवढ्या एकाच पानावर,
फौजदार चावडीच्या कुठल्याशा दप्तरात.
वाळवीनं ठेवलं असेल तर असेल.
माझं नाव त्यानं दुरुस्त केलं का,
ते कळायला आता मार्ग नाही.

इरव्वाची काकू मात्र
दिवेलागणीपर्यंत बरी झाली.