लोकेशन पाठवा

बारव मी कुणाला दाखवली नव्हती.
निलंग्याहून औरादच्या रस्त्याला लागलं, की डावीकडं...
नको. इथंही नको सांगायला.

बावीस वर्षं लोकांची लग्नं काढतोय मी.
जागा बघायची म्हणजे
ऊन कुठून उतरतं एवढंच नसतं.
नवरीला साडी बदलायला आडोसा कुठाय,
कुत्रं बांधलेलं आहे का,
मालक "काढा की" म्हणतो, का "किती देता".
एकदा एका जोडप्याला करडईत उभं केलं,
रान पिवळंधमक,
आणि गाऊन काट्यांत असा गुंतला
की इलियास अर्धा तास गुडघ्यांवर बसून
एकेक काटा सोडवत होता.
नवरदेव विचारतो, हे सूर्यफूल नाही का?
फोटो झकास आले. फोटोत काटे दिसत नाहीत.

किल्ले तर संपलेच. उदगीरचा, औशाचा.
कमानीत एक जोडपं,
दुसरं रांगेत, बुटांची धूळ पुसत.

बारवेत मी एकटा जायचो,
कॅमेरा गाडीत ठेवून.
सतरा पायऱ्या. अठरावी पाण्यात.
दुपारी एकला उजेड तळाशी पोचतो
आणि वीस मिनिटांत परत फिरतो,
मीटर बघायला आलेल्या माणसासारखा.
देवळीत एक पारवा असतो. तो उडत नाही.
मला ओळखतो म्हणून, का म्हातारा झालाय म्हणून, काय माहीत.

मग संबोधी आली. सरवद्यांची,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
मोबाइलवर तिला भलतंच काही दाखवताना
माझं बोट सरकलं
आणि तिनं बारव पाहिली. एकच फोटो होता.
"सर, हे कुठंय? लोकेशन पाठवा ना."

नाही म्हणता येत नाही मला.
रात्री जेवण झाल्यावर नकाशा उघडला,
बोट बारवेवरून उचललं,
चार किलोमीटर लांब एका माळावर टेकवलं
आणि पाठवून दिलं.
दोन निळ्या खुणा. थँक्यू सर. पुढं एक सूर्यफूल.

त्या माळावर काय आहे, मला ठाऊक होतं.
सारखी गुणगुणणारी एक डीपी.
ग्रामपंचायतीची कोरडी टाकी, तिला अर्धीच शिडी.
मुरूम उपसलेला खड्डा.
एक बाभळ, तिच्यात अडकलेली निळी पिशवी.

दोन दिवस फोन बंद ठेवला.

तिसऱ्या दिवशी इलियासनं दाखवलं:
ती अर्ध्या शिडीवर बसलेली, पाय सोडून.
मागं नुसतं आभाळ.
वाऱ्यानं पिशवी फुगते, बसते,
फुगते,
आणि ती तिच्याकडं बघत ओठांत काही मोजते.
छप्पन्न सेकंद. गाणं नाही, डीपीची गुणगुण तेवढी.
खाली लिहिलेलं:
रात्रपाळी, बेड नंबर नऊ.

दोन लाख लोकांनी पाहिलं म्हणे.

आता दिवसाआड फोन येतो,
लातूरहून, मध्येच एखादा हैदराबादहून.
सर, ती पिशवीवाली जागा. लोकेशन पाठवा.
शिडीला रंग लागलाय. एक सदस्य म्हणतो तिकीट लावू.
पिशवी कुणीतरी काढून नेली.
इलियासनं दुसरी बांधली, हिरवी.
ती नीट फुगत नाही.

परवा संबोधी आली होती.
पासपोर्ट साइज, आठ कॉप्या.
"बारव काही सापडली नाही सर," म्हणाली,
आणि पुढं काहीच बोलली नाही.
मी लाइट सरकवत राहिलो.
हनुवटी खाली घे. अजून थोडी.

काल बारवेकडंच निघालो होतो.
गाडी माळावर थांबवली.
शिडी चढलो, संपते तिथपर्यंत.
वरून गाडी एवढीशी दिसली. आभाळ होतंच.
इथं काय बघायचं असतं ते कळेना,
म्हणून श्वास मोजायला लागलो.
एक वाजून गेला होता.
तिकडं उजेड येऊन, रीडिंग घेऊन गेला असणार.
एकतिसाला आकडा चुकला.