परतीची तार

टॉडमॉर्डनच्या चढावर, अठ्ठावीस नंबरच्या दारात
डेरिक सटक्लिफची मॉरिस मायनर उभी आहे.
चौसष्टचं मॉडेल, ताकाच्या रंगाची,
आणि काचेवर दोन्ही वायपर
अर्ध्या वाटेत थिजलेले,
नमस्काराला उचललेले हात
समोरचा ओळखीचा नाही हे कळल्यावर थांबावेत तसे.

त्याचे हात थरथरतात. माझे आज रिकामे:
रविवार, एक्स-रे विभागात माझी पाळी नाही.
तो छत्री धरतो, मी बॉनेट उघडते.

पहिला संशय फ्यूजवर. नेहमी गरिबावरच.
काचेची नळी, आत केसाएवढी तार, शाबूत.
टोकं काळी पडली होती,
पॉलिश पेपरनं घासून परत बसवली.
चावी. बटण.
काही नाही.

"मोटर गेली असणार," डेरिक म्हणाला.
"साठ वर्षं झाली तिला. माझंही असंच होणार."
म्हटलं, थांबा, सगळं वयावर ढकलू नका.

दोन तारा आणि एक जुना बल्ब, एवढंच माझं हत्यार.
एक टोक मोटरच्या हिरव्या तारेला,
दुसरं चिमट्यानं पत्र्याला.
लागला. पिवळा, स्पष्ट.
म्हणजे इथवर येतंय.
(या गाडीत सगळं उलटं:
बॅटरीचं धन टोक पत्र्याला बांधून ठेवलेलं,
हिंडतं ते ऋण.
हे पचायला मला एक कप चहा लागला.)

मिरजेला बाबा हॉस्पिटलात वायरमन होते.
शिडीवरून खाली न बघता म्हणायचे,
करंट जातो का, हे कुणीही बघतं.
परत येतो का, ते बघ.

मग बटण चालू ठेवून काळी तार धरली.
हिरवी आणि काळी, मध्ये बल्ब:
मिट्ट.
"अर्थच लागत नाहीये,"
मी मोठ्यानं म्हणाले, आणि एकटीच हसले.
डेरिकनं उजवा कान पुढे केला, ऐकू येतो तो.
सांगायला गेले, पण
त्याच्या भाषेत अर्थ म्हणजे नुसती माती.

काळी तार स्विचमधून डॅशबोर्डखाली जाते.
मी उताणी, पाय फुटपाथवर, टॉर्च दातांत.
हीटरच्या नळीमागे एक कंगवा,
पेपरमिंटचा चिकट कागद,
आणि तो स्क्रू.
घट्ट. वरून सुबक रंग, तोच, ताकाचा.

"हा रंग कुणी दिला?"
"मीच," वरून आवाज आला.
"ब्रेंडा मोरकमला बहिणीकडे गेली, त्या हिवाळ्यात.
आठ दिवसांसाठी म्हणून.
घरात करायला काही नव्हतं. सगळी गाडी खोलली.
गंज नको, म्हणून उघडा पत्रा दिसेल तिथं
दोन दोन हात मारले."

मी काही बोलले नाही, तोंडात टॉर्च होता.
एवढे दिवस स्क्रूच्या आट्यांनीच तग धरला असणार.
रंग खरवडला.
आठ आण्याएवढा पत्रा चकचकीत निघाला.
तार लावली, पिळून घट्ट केली,
थोडं ग्रीस.

आणि वायपर हलले,
आधी कुरकुरत, मग काचेवरचं पाणी
बाजूला सारत, बाजूला सारत.
डेरिकनं छत्री मिटली. दोघंही भिजलो.

फक्त एक राहिलं. बटण बंद केलं की
ते खाली येऊन झोपत नाहीत,
असतील तिथंच उभे राहतात.
आतली पट्टी झिजली आहे. ते पुढच्या रविवारी.

"मोरकमपर्यंत चालतील का?"
त्यानं काच पुसत विचारलं, जी आता कोरडीच होती.
चालतील, म्हटलं.
बंद करताना तेवढं बघा,
खाली आले की लगेच.