अर्धा मासा

निंबाभाऊंनी कपाट उघडण्याआधी
सातवीचे हात तपासले, पुढून, मागून,
मग खापर दिलं.
"काचेआडून काय कळतं, गुरुजी?
कुंभाराचं बोट लागलंय त्याला,
बोटानंच वाचावं."

साडेतीन हजार वर्षांचं, तळहाताएवढं,
तापीच्या दरडीत सापडलेलं.
काळ्या रंगात मासा, अर्धाच;
शेपटीपाशी मडकं फुटलेलं.

चेतना कोळीनं ते आधी हुंगलं.
"हाऊ मासा कोना शे?"
मग जरा थांबून,
"गुरुजी, याले डोयाच नही."
वीस वर्षं त्या कपाटावर फडकं मारणारे निंबाभाऊ
चष्मा पुसून वाकले.
खरंच नव्हता.

उरलेला मासा आपण करायचा, ठरलं.
कशाचा, ते ठरेना.
शाळेच्या वहीत खडूपुरते पैसे.
मी जळगावला एमआयडीसीत गेलो, चटईच्या कारखान्यात.
खडखडाटात ओरडून सांगितलं, मासे करायचेत!
फोरमन रुबाब तडवी ओरडले, इथे चटया होतात!
मालक म्हणाले, भंगार किलोनं जातं.

शनिवारी तडवीच शाळेत आले,
मोटारसायकलला दोन पोती बांधून.
निळ्या, राणी, पोपटी पट्ट्या, रंग चुकलेल्या,
आणि मालकाच्या सहीची पावती:
वजन तेवीस किलो. दर: मासे दाखवणे.

तडवी फरशीवर मांडी घालून बसले.
"एक वर, दोन खाली. मशीनला एवढंच येतं.
चुका तिला जमत नाहीत,
त्या तुम्ही करा."

पोरांनी पोटभर केल्या.
एका माशाला पाय, एकाला दप्तर,
एक नुसताच काटा, जेवण झाल्यानंतरचा.
चेतनानं मासा केलाच नाही.
हातभर निळी नदी विणली,
मधोमध खापराएवढं भोक सोडलं.
"तो जाई ना बरोबर," म्हणाली.

केंद्रप्रमुखांनी विचारलं, गुण कुठल्या विषयात?
तो रकाना अजून कोराच आहे.

नदी निंबाभाऊंनी कपाटात ठेवून घेतली,
भोकात खापर बसवलं, जरासं हलतं,
आणि तिरक्या अक्षरात चिठ्ठी लावली:
विणकाम, प्लास्टिक. तापीकाठ.
काळ: गेला शनिवार.

परवा पाळी सुटल्यावर तडवी तिथे गेले म्हणे,
खापर हातात मागितलं.
निंबाभाऊंनी हात पाहिले, पुढून, मागून,
वंगण नखांत मुरलेलं.
थोडा वेळ गेला.
मग किल्ली फिरल्याचा आवाज.